प्रदूषण-निवारणाचे संशोधन आणि आपल्या समाजाची मुले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



 आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर अध्यापनाची पदविका घेऊन आम्ही चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांतून आयुष्य घालविले. तेव्हा विज्ञानावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची योग्यता नाही, हे आम्ही जाणतो. जे वाचले, जाणकारांस विचारून समजून घेतले आणि डोळ्यांनी पाहिले, तेवढेच आपणांपुढे मांडीत आहोत.

दरवर्षी या व्यासपीठावरून आपण मुलांस सांगतो की, डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, मोठे अधिकारी व्हा. ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही अशा एका व्यवसायाविषयी बोलणार आहोत की, ज्याचे नावही आपल्या पुष्कळ घरांत पोचलेले नाही. कारखान्यांतून निघणारे पाणी, धूर, राख व खाणींतून निघणारी माती यांचे मोजमाप करणे, त्यांपासून होणाऱ्या अपायाचे कारण शोधणे आणि तो टाळण्याचे उपाय सिद्ध करणे, हे त्या व्यवसायाचे स्वरूप होय. यास प्रदूषण-नियंत्रणाचे संशोधन म्हणतात.

या विषयाकडे आम्ही कसे वळलो, ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. नदीकाठच्या एका गावी आम्ही शिक्षक होतो. माघ महिना होता. सातवीतला, आपल्याच धीवर समाजाचा एक मुलगा पळसाच्या पानात गुंडाळलेली मेलेली मरळ घेऊन वर्गात आला. आमचे अपूर्णांक चालू होते. त्याने ते पान आमच्या टेबलावर ठेवले आणि विचारले, "गुरुजी, ही कशाने मेली? नदीत अशा खूप पडल्या आहेत."

आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. पण शिक्षकास उत्तर ठाऊक नाही, हे वर्गासमोर कबूल करण्याचे धैर्य त्या वयात आमच्यापाशी नव्हते. आम्ही म्हणालो, "उन्हाने मेली असेल. फेकून दे आणि हात धुऊन जागेवर बस." मुलगा बसला. पुन्हा त्याने काही विचारले नाही. त्याच वर्षी सातवी संपवून त्याने शाळा सोडली.

गतवर्षी एका लग्नसमारंभात तो भेटला. आता तो खाणीवर ठेकेदाराचा डंपर चालवितो. जुन्या गोष्टी निघाल्या, तेव्हा हसत म्हणाला, "गुरुजी, तुम्ही ऊन म्हणालात, म्हणून मी घरी तेच सांगितलं. आजा म्हणाला, माघाचं ऊन मासा मारत नाही, बाबू. आणि मरळ मेली म्हणजे पाण्यालाच बाधा झाली."

मंडळी, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. त्या निरक्षर म्हाताऱ्याने सांगितले ते शास्त्र होते आणि आम्ही वर्गात सांगितले ते अज्ञान होते. मरळ हा मासा पाण्याबाहेर तोंड काढून हवेतूनही श्वास घेतो, हे आपल्या समाजातील प्रत्येक जाणत्यास ठाऊक आहे. पाण्यातील प्राणवायू कमी झाला म्हणजे पहाटे इतर बहुतेक मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात आणि आधी तेच मरतात. मरळ व मागूर तग धरतात. मरळच मरू लागली, तर केवळ प्राणवायूची उणीव हे कारण पुरेसे ठरत नाही. पाण्यात काही विषारी मिसळले असावे, असा संशय घेण्यास जागा होते. पुढे शास्त्रविषयक पुस्तके वाचू लागलो, तेव्हा हेच विवेचन त्यांत आढळले.

तथापि येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वेळी नदीत नेमके काय मिसळले होते, ते आम्हांस आजही सांगता येत नाही. कोणावर आरोप करण्याचाही आम्हांस अधिकार नाही. कारण त्या दिवशी ते पाणी कोणी बाटलीत भरून घेतले नाही, कोणी मोजले नाही आणि कोणी लिहून ठेवले नाही. आजाचे ज्ञान आजाबरोबर गेले. ज्ञान होते, पण पुरावा नव्हता. ज्ञानाचा पुरावा करणे, हेच संशोधकाचे काम आहे आणि म्हणूनच हा विषय आपल्या समाजाच्या पोटापाण्याचा आहे.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. आमचे भाषण कारखान्यांविरुद्ध नाही, हे आरंभीच सांगतो. चांद्याच्या या भूमीत कोळसा आहे, चुनखडी आहे, बांबू आहे आणि पाणी आहे. त्यामुळे येथे कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी आणि १९८३ पासून वीज देऊ लागलेले महा-औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. त्यांनी सहस्रावधी घरांत चूल पेटविली; आपल्याही समाजाची मुले तेथे नोकरीस आहेत. परंतु त्याच वाढीची दुसरी बाजूही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचे हवा, पाणी व जमीन अशा तिन्ही अंगांनी मूल्यमापन केले. त्यात चंद्रपूरचे गुण ८३.८८ आले आणि देशात त्याचा क्रमांक चौथा लागला. परीक्षेत चौथा क्रमांक आला तर आपण हार घालतो; या परीक्षेत मात्र अधिक गुण म्हणजे अधिक प्रदूषण. सत्तरांहून अधिक गुण मिळालेल्या ४३ क्षेत्रांत नवे उद्योग वाढविण्यावर केंद्र सरकारने जानेवारी २०१० मध्ये काही काळ बंदी घातली होती. पुढे २०१९ मध्ये देशात शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यातील शहरांच्या यादीतही चंद्रपूरचे नाव आले.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्याचा बहुतांश भूभाग वनाच्छादित असून तेथे आजवर फारसे मोठे उद्योग नव्हते. आता सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज काढले जात आहे आणि कोनसरी येथे लोहप्रकल्प उभा राहिला आहे. चंद्रपूरकरांनी जे मोजमाप उशिरा सुरू केले, ते गडचिरोलीत आरंभापासून करता येईल. कारखाना येण्यापूर्वी नदीचे पाणी कसे होते, याची नोंद असेल, तरच पुढे ते बिघडले की नाही, हे ठामपणे सांगता येते. आधीची नोंद नसेल, तर तंट्यास अंत राहत नाही. आणि आपल्या नद्या जिल्ह्याच्या सीमा जुमानीत नाहीत. झरपट इरईस मिळते, इरई वर्धेस मिळते, वर्धा व वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. वर टाकलेले खालच्यांच्या जाळ्यात येते.

हे शास्त्र शिकावयास फार दूर जावे लागत नाही. आपल्या विदर्भातच, नागपुरात, १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे झाले. आज तिला सर्वजण 'नीरी' या नावाने ओळखतात. आरंभी पिण्याचे पाणी व शहरांचे सांडपाणी हे तिचे मुख्य विषय होते. पुढे कारखान्यांचे पाणी, हवा, घनकचरा, खाणींची माती असा तिचा व्याप वाढत गेला. याच काळात कायदेही झाले. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषणाचा कायदा करून १९७० मध्ये आपले मंडळ स्थापन केले. देशाचा जलप्रदूषण कायदा १९७४ मध्ये, हवेचा १९८१ मध्ये आणि भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला.

संशोधक काय करतो, त्याची चार उदाहरणे साध्या शब्दांत सांगतो.

पहिले उदाहरण पाण्याचे. कारखान्याच्या पाण्यात सडणारा माल किती आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून ते पाणी ठरावीक उष्णतेत काही दिवस बंद बाटलीत ठेवतात आणि त्यातील सूक्ष्म जंतूंनी किती प्राणवायू खाल्ला, ते मोजतात. यास जैविक प्राणवायूची मागणी, इंग्रजी आद्याक्षरांनी बीओडी, म्हणतात. इंग्लंडात ही कसोटी पाच दिवस व २० अंशांवर करीत. आपल्या उष्ण देशात ती तीन दिवस व २७ अंशांवर करतात. म्हणजे शास्त्रदेखील आपल्या मातीप्रमाणे व हवेप्रमाणे बसवून घ्यावे लागते. नदीत सोडावयाच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. उलट, मासे जगावयाचे तर नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला निदान ४ मिलिग्रॅम असावा लागतो.

दुसरे उदाहरण ऐकून आपणांस नवल वाटेल. कारखान्याचे शुद्ध केलेले पाणी खरोखर निर्धोक आहे काय, हे ठरविण्याची एक कसोटी मासाच देतो. त्या पाण्यात दुसरे पाणी न मिसळता मासे सोडतात. ९६ तासांनंतर शंभरांतील निदान ९० मासे जिवंत राहिले पाहिजेत, असा आपल्या देशाचा नियम आहे. म्हणजे ज्या जिवावर आपल्या पूर्वजांनी पोट भरले, त्याचीच साक्ष सरकारने ग्राह्य मानली आहे. माशाचे वागणे पिढ्यान्‌पिढ्या न्याहाळलेल्या घरातील मुलास या शास्त्रात परके वाटण्याचे कारण नाही.

तिसरे उदाहरण राखेचे. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण फार. शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. तिचा बारीक अंश धुराबरोबर चिमणीतून बाहेर जाऊ पाहतो. तो अडविण्यासाठी धुराच्या वाटेत मोठमोठे लोखंडी पत्रे व तारा लावून तारांस प्रचंड दाबाची वीज देतात. राखेच्या कणांस विद्युतभार चिकटतो, कण पत्र्यांकडे ओढले जातात आणि पत्रे ठोकून ती राख खाली पाडतात. हीच राख सिमेंटात मिसळतात, तिच्या विटाही करतात. आज आपण ज्या कणांची अधिक धास्ती घेतो, ते अडीच मायक्रॉनांहून लहान असतात. केसाच्या जाडीच्या वीस-तीस पटींनी बारीक. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे आपल्या देशाचे मानक आहे.

चौथे उदाहरण खाणीच्या ढिगांचे. कोळसा काढताना वरची माती व दगड उपसून जे डोंगर रचले जातात, त्यांवर गवताची काडीही लवकर उगवत नाही. कारण त्या मातीत जीवच नसतो. नीरीतील डॉ. आशा जुवारकर व त्यांचे सहकारी यांनी अशा एका ढिगाच्या दहा हेक्टर जागेवर प्रयोग केला. सांडपाणी शुद्ध करताना उरणारा गाळ हेक्टरी ५० टन घातला, मुळांशी उपकारक बुरशी व नत्र देणारे जिवाणू दिले आणि योग्य झाडे लावली. मातीत जवळजवळ नसलेले जिवाणू वाढले आणि जड धातूंची बाधा पस्तीस ते चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरली. २००८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. मंडळी, एका ठिकाणचा गाळ दुसऱ्या ठिकाणच्या उजाड मातीचे खत झाला! याला विद्या म्हणतात.

याखेरीज खडकांतून पाण्यात उतरणाऱ्या फ्लोराइडचा प्रश्न आहे. हा कारखान्यांचा दोष नव्हे, पण आपल्या जिल्ह्याच्या काही भागांतील विहिरींस तो भोवतो. दात पिवळे पडतात, पुढे हाडे वाकतात. त्यावर नीरीने तुरटी व चुना यांच्या योगाने पाणी निवळण्याची 'नालगोंडा पद्धत' काढली. ती घरच्या बादलीतही करता येते. प्रयोगशाळेतील विद्या स्वयंपाकघरापर्यंत कशी पोचते, याचा हा दाखला आहे.

आता विद्यार्थ्यांस व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. या मार्गास दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी व रसायनशास्त्र मन लावून शिकावे. पुढे दोन वाटा फुटतात. एक वाट रसायन, वनस्पती, सूक्ष्मजीव किंवा पर्यावरण या विषयांत बी.एस्सी., एम.एस्सी. करण्याची. दुसरी वाट स्थापत्य किंवा रसायन अभियांत्रिकी घेऊन पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करण्याची. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, त्यामुळे पदवीसाठी प्रत्येकास नागपूर गाठावेच लागते असे नाही. एम.एस्सी. झाल्यावर 'नेट' व अभियंत्यांसाठी 'गेट' या परीक्षा आहेत. त्यांत उत्तम यश आल्यास संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळते. शिवाय इतर मागासवर्ग, विमुक्त व भटक्या जमातींच्या विद्यार्थ्यांस पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देणारी 'महाज्योती' ही शासनाची संस्था २०१९ पासून नागपुरात आहे. आपल्या किती घरांस हे ठाऊक आहे, ते हात वर करून सांगा, असे आम्ही म्हणणार नाही. लाज आम्हांसच वाटेल, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हांसही ठाऊक नव्हते.

या वाटेवरील काटेही सांगितले पाहिजेत. आरंभीची कित्येक वर्षे तात्पुरत्या प्रकल्पावर, बेताच्या मानधनावर काढावी लागतात. नदीत उतरून नमुने भरावे लागतात, रात्री-अपरात्री चिमणीवर चढावे लागते, एकच कसोटी पुनःपुन्हा करावी लागते. आणि सर्वांत कठीण म्हणजे आकडा सांभाळावा लागतो. कारखानदारास आकडा कमी हवा असतो, आंदोलकास अधिक हवा असतो. संशोधकाने जो निघाला तोच लिहावयाचा. आपल्या घरातील भाऊ त्याच कारखान्यात कामास असेल, तरीही तोच लिहावयाचा. ज्यास हे जमणार नाही, त्याने ही वाट धरू नये. आम्ही एकदा वर्गात न मोजता उत्तर दिले. त्याचे ओझे अजून उतरले नाही.

पालकांस एक विनंती. मुलगी हुशार निघाली तर "इतके शिकून काय करणार, लग्नच करावयाचे" हे वाक्य या वर्षापासून बंद करा. या क्षेत्रात स्त्रियांनी केलेले काम आत्ताच आपण ऐकले. आपल्या स्त्रिया कमरेइतक्या पाण्यात उतरून शिंगाडे काढतात, झिंगे धरतात. त्यांच्या लेकींस पाण्याची भीती कशाची?

शेवटी मंडळापुढे तीन सूचना मांडतो. पहिली : ज्या ज्या तलावावर, बोडीवर आपल्या मच्छीमार सहकारी संस्था आहेत, तेथे एक नोंदवही ठेवावी. पाण्याचा रंग, वास, मासे मेल्याचा दिवस, कोणती जात आधी मेली, पाऊस कधी पडला, हे शाळकरी मुलाने लिहावे आणि म्हाताऱ्याने सांगावे. दुसरी : मासे मेल्याचे दिसताच त्याच दिवशी स्वच्छ बाटलीत पाणी भरून, तारीख व जागा लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर येथील कार्यालयास कळविण्याचे काम दोन तरुणांवर सोपवावे. तिसरी : विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या एका मुलास किंवा मुलीस दरवर्षी वसतिगृहाचा खर्च मंडळाने द्यावा.

या तिसऱ्या सूचनेचा आरंभ आम्ही स्वतः करतो. ज्या मुलाच्या प्रश्नास आम्ही उन्हाचे उत्तर दिले, त्याची मुलगी यंदा दहावीत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली असून सत्कारासाठी येथे आली आहे. तिचे नाव आम्ही घेत नाही, तिला संकोच होईल. तिने कोणता विषय घ्यावा, हेही आम्ही सांगणार नाही. तो तिचा अधिकार आहे. तिच्या वडिलांना एवढेच सांगतो की, तिने विज्ञान घ्यावयाचे ठरविल्यास पहिल्या दोन वर्षांचा राहण्या-जेवणाचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनातून होईल. हा उपकार नव्हे. जुन्या देण्यातील हा एक हप्ता आहे. पुढचा भार मंडळाने उचलावा.

आणि तिने किंवा तुमच्यापैकी कोणी उद्या गुरुजींस असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर गुरुजींस ठाऊक नाही, तर या सभेत बसलेल्या आमच्या शिक्षक बंधू-भगिनींनी "ठाऊक नाही, चला शोधू" असे म्हणावे.